टपावरचा रिकामा कॅरियर

मित्रांनो, मी मुलुंडच्या नंदकुमारकाकांच्या गाडीच्या टपावरचा एक जुना लोखंडी कॅरियर आहे. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये, वेल्डिंगच्या ठिणग्यांत माझा जन्म झाला. ऊन माझ्या वाट्याला, पाऊसही माझ्याच. आणि मागची ती डिकी! तिला दार, तिला दिवा, तिला मऊ गालिचा. खरं सांगतो, तिला पाहून माझा जीव जळायचा.

एकदा मात्र माझं नशीब उघडलं. कीर्तनकार विद्याधरबुवांची मोठी पेटी डिकीत मावेना, म्हणून काकांनी ती माझ्यावर बांधून गावच्या रामनवमीला नेली. तेव्हापासून माझ्यावर हार आणि भगवी पताका. "ज्यानं कीर्तनाची पेटी वाहिली, त्याला खाली उतरवायचं नाही," काकांनी ठरवून टाकलं. मग मी बारा महिने रिकामा, पण डिकीसमोर ताठ!

यंदा बुवांनी नवी, लहान पेटी घेतली. रामनवमीला निघताना ती थेट डिकीत गेली.

त्यात काकांची लेक स्वरदा म्हणाली, "बाबा, रिकामा कॅरियर आणि पताका वारा अडवतात. पेट्रोल जास्त जळतं. काढा ना!"

"गप गं! देवाचं काम केलंय त्यानं."

"गेल्या वर्षी पेट्रोल घाटातच संपलं, विसरलात?"

स्वरदाची आई, कुंदाकाकू हसल्या. "आणि बुवा टेम्पोतून मंडपात पोचले. कीर्तन अर्ध्यावरच आटपावं लागलं!"

काका गोरेमोरे झाले. बुवांनी माझ्यावर मायेनं हात ठेवला. "नंदू, आरती झाली की तबक खाली ठेवतोस ना? की डोक्यावर घेऊन गावभर हिंडतोस?"

काकांनी मला नमस्कार केला आणि पाना घेऊन मला खाली उतरवलं.

गॅलरीत पडून मी डिकीला मनसोक्त शिव्या दिल्या. ती पेटी पोटात घेऊन मिरवत गेली होती ना!

चौथ्या दिवशी मंडळी परतली. "टायरमध्ये हवा नीट, वेग बेताचा आणि वर ओझं नाही," स्वरदा सांगत होती. "एका टाकीत जाऊन आलो!" काकूंनी भर घातली, "आणि कीर्तन वेळेवर उभं राहिलं."

काका गॅलरीत आले. माझी धूळ पुसून त्यांनी नटांना तेल लावलं. "पुढच्या सप्ताहाला मंडळाची सतरंजी न्यायचीय रे. ती काय डिकीत मावणार नाही."

मित्रांनो, काम असेल तेव्हा मला जरूर चढवा. काम संपलं की उतरवा आणि कोरडा ठेवा. इंधन वाचेल, मीही गंजणार नाही. मनातल्या मत्सराचा गंज मात्र अजून आहे थोडा. तो माझा मलाच घासायला हवा.