हातचं स्थळ

सुंदराने आजवर दोन नणंदांची आणि एका बहिणीची लग्नं जमवली होती, आणि प्रत्येक वेळी एक नियम कसोशीने पाळला होता. मुलगी पाहायला आलेल्यांना, आधी दुसरं कुणी येऊन गेलंय हे कळू द्यायचं नाही. खानदेशातून सुरतेला येऊन डिंडोलीत राहिलेल्या साऱ्याच बायका हा नियम पाळत. चार घरांनी पाहिलेली मुलगी म्हटली की लोक तिच्यात खोट शोधू लागतात.

म्हणून बंगळुरूच्या मोठ्या कंपनीतून गायत्रीला फोन येणार असं कळलं, तेव्हा सुंदराने स्वतःला जे येत होतं तेच लेकीला शिकवलं.

गायत्री कॉम्प्युटरचं शिकलेली. या कंपनीचं नाव जगभर. तिथे ती लागली तर तिचा बाप उखा लूमच्या खात्यातून सुटणार होता. मागांच्या खडखडाटात उभं राहून त्याचा एक कान कधीच गेला होता, आणि दुसराही त्याच वाटेवर होता. तशी पुण्याच्या एका लहान कंपनीने गायत्रीला आधीच पसंत केलं होतं. ऑफर हातात होती, सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

आधीच नोकरीला लागलेल्या मयुरी या मैत्रिणीने गायत्रीला बजावलं होतं की पगाराचा आकडा आपण होऊन सांगू नको, आणि पुण्याची ऑफर मात्र आवर्जून सांग, त्याने भाव वाढतो.

सुंदराने ते ऐकलं होतं. "भाव भाजीचा वाढतो," ती म्हणाली. "पोरीचा उतरतो."

फोन दुपारी आला. सुंदराच्या हट्टापायी गायत्रीने स्पीकर लावला. आई समोर तुरीच्या शेंगा सोलत बसली. पलीकडची बाई गोड बोलत होती, थोडं इंग्रजीत, थोडं हिंदीत. सुंदराला तो आवाज ओळखीचा वाटला. मुलगी पाहायला येताना नवऱ्याकडचे एक मावशी आणतात, हसत हसत सगळं मापून घेणारी, तसाच. गायत्री छान उत्तरं देत होती. पगाराचा विषय निघाला तेव्हा तिने मयुरीने सांगितलं तसं तो अलगद त्या बाईकडेच परतवला.

मग त्या बाईने विचारलं, "अच्छा गायत्री, और कहीं से ऑफर है? कोई डेडलाइन?"

गायत्रीने आईकडे पाहिलं. सुंदराने हातातली शेंग तशीच धरून नकाराची मान हलवली.

"नहीं मॅम. सिर्फ आपके यहाँ अप्लाय किया है."

तर मग घाई नाही, ती बाई मोकळेपणाने म्हणाली. ज्यांच्या हातात दुसरी ऑफर असते त्यांच्या मुलाखती आधी घ्याव्या लागतात, तुमची महिनाअखेरीला ठेवते. गायत्रीचं तोंड उघडलं आणि मिटलं. आत्ताच नाही म्हटलं, लगेच आहे कसं म्हणायचं? तिने आभार मानून फोन ठेवला.

"मोठं घर सावकाशच येतं," सुंदरा म्हणाली आणि तिने लेकीच्या हातावर साखर ठेवली.

पुण्याने मुदत वाढवून दिली नाही. रविवारी गायत्री म्हणाली, तिथे हो म्हणून ठेवते, बंगळुरूचं जमलं तर सोडून देईन. सुंदरा ताडकन उठली. "सुपारी फोडीसन लगीन मोडनारी पोर मन्हा घरनी नही." उखाला दोघींचं निम्मंच ऐकू आलं. माय म्हणते तसं कर, एवढं बोलून तो खात्यावर गेला. सोमवार आला तसा गेला.

महिनाअखेरीला त्या बाईचा फोन आला. स्पीकरवरचा आवाज तसाच गोड होता. जागा भरल्या होत्या. आधी ज्यांच्या मुलाखती झाल्या, त्यांच्यातूनच भरल्या. तेव्हा कुठे गायत्रीने पुण्याचं सांगितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"अरे, बताना था ना," ती बाई म्हणाली. तिला खरंच वाईट वाटल्याचं आवाजात जाणवलं. "उसी हफ्ते इंटरव्यू करवा देती."

एवढं हिंदी सुंदराला येत होतं. लेकीने आता आपल्याला बोलावं, चांगलं तोंडावर बोलावं, असं तिला वाटलं. गायत्रीने फोन चार्जिंगला लावला आणि ती आईने नुकत्याच सोललेल्या शेंगांची टरफलं भरू लागली.

आता ती पर्वत पाटियाजवळ एका साडीवाल्या शेठकडे बिलं टाइप करते. उखा लूमवरच आहे. दिवाळीनंतर नंदुरबारकडचे लोक तिला पाहायला यायचे ठरले. त्या दिवशी लेकीच्या साडीच्या निऱ्या घालता घालता सुंदराच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आणि हे बघ, आधी कुणी पाहून गेलं का असं विचारलं, तर..."

"माहीत आहे, मम्मी," गायत्री आरशात टिकली लावत म्हणाली. "सांगेन, फक्त तुमच्याकडेच अर्ज केलाय."

सुंदराच्या बोटांतून निऱ्या निसटल्या. ती खाली बसून त्या पहिल्यापासून घालू लागली.