मुळासकट

मी धाकटीच्या वरच्या ओळीतला मधला दात. थोडं चावून बोलेन, सवय आहे.

ती सात वर्षांची असताना दुधाचा दात गेला आणि मी आलो, कायमचा. तिच्या बाराव्या वर्षी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये दोघी बहिणी एका बाजूने खेळत होत्या. एकाच शटलवर धावल्या आणि थोरलीची रॅकेट धाकटीच्या तोंडावर बसली. मी उडालो तो थेट खुर्चीखाली.

खेळ बघायला आलेली घरची मंडळी जमली. माझ्या एका शेजाऱ्याचा कोपरा उडाला होता. तो दिसत होता, म्हणून सगळी हळहळ त्याच्याच वाट्याला. दुसरा शेजारी दिसायला धड, पण हलत होता, हिरडीतून रक्त येत होतं. त्याला कोण विचारतो? आणि माझ्या जागी नुसतं भोक.

"आत घुसला असेल," आत्या म्हणाली.

"दुधाचा असेल, परत येईल," काकांनी निकाल दिला. काकांना सगळंच कळतं.

"बारा वर्षांची आहे ती, काका!" थोरली रडत रडत जमिनीवर हात फिरवत होती. मी तिलाच सापडलो.

"आण इकडे, रुमालाने खसाखसा पुसतो," काका म्हणाले.

"नको!" तिने तोवर दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता. "मुळाला हात लावायचा नाही म्हणतायत. दुधात टाकून लगेच घेऊन या म्हणतायत."

कँटीनवाल्याने थंड दुधाचा कप दिला. काका म्हणाले, "आता साखर घाला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या तोंडात आरसा फिरवला. "हा तुटलाय. हा सैल झालाय. आणि हा अख्खा बाहेर आलाय. कशाने लागलं?"

"खांबावर आपटली," आई घाईघाईने म्हणाली. घरची अब्रू ना!

"माझी रॅकेट," थोरली म्हणाली. "शटल तिचं होतं. मीच मध्ये घुसले."

ओठ सुजलेल्या धाकटीने तिचा हात धरला. अर्ध्या तासाच्या आत मी जागेवर होतो, बारीक तारेने शेजाऱ्यांना बांधलेला. पुढे माझी नस काढावी लागली.

आज मी जरा करडा पडलोय, पण चावतो. काका पाहुण्यांना सांगतात, "दूध मीच सुचवलं."

तुमच्यासमोर कुणाचा पक्का दात पडला, तर सल्ला गिळा आणि दात उचला. पांढऱ्या टोकाला धरून.