पाखऱ्याले तिसरी हाक

आमच्या बैलाच्या, पाखऱ्याच्या, शेपटीखाली जुन्या खपल्या होत्या. ताजं रक्त साऱ्या पटानं पाह्यलं. खपल्या मात्र एकट्या मीच पाह्यल्या, घरी आणून कोमट पाण्यानं त्याले धुवाले बसली तवा. एक नाही, दोन नाही. मी बोटानं चाचपत गेली आन् एका जागी बोटच पुढं सरकेना.

त्या दिवशी मारेगावच्या बाजूले शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, होता. माहा लेक जीवन धुरकरी, बैलजोडीचा छकडा हाकणारा. कोर्टानं पट पुन्हा सुरू करू दिले तवाच बजावलं होतं, काठी नाही, खिळा नाही, शेपटी पिरगाळणं नाही. जीवन पहिला आला. मी बायांमधी बसून सांगून राह्यली होती, आमच्या घरचा बैल नुसत्या हाकेवर पळते बाई, तुमच्या पोराईवाणी बडवा लागत नाही. तेवढ्यात पटाच्या कमिटीचे किसनराव पाखऱ्याच्या मागून हात वर करून आले. हाताले रक्त. माह्या बाजूची बाई हळूच दूर सरकून बसली.

किसनराव माणूस भला. म्हणाले, पोलिसात देत नाही, तुमच्या तांड्यानंच ठरवावं, पण उद्या सकाळी मी स्वतः येऊन बसन.

आमच्या नसाबेत, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, अशा गोष्टीले साक्षीदार लागत नाही. आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलुख फिरले. माणूस खोटं बोलते, बैल नाही, असं ते म्हणत. म्हणून बैल मोकळा सोडायचा. ज्याच्यावर आळ असन त्यानं तीस पावलांवरून, रिकाम्या हातानं, तीन हाका मारायच्या. बैल आला तर आळ गेला. नाही आला तर तीन वर्षं त्याच्या हातात कासरा नाही, आन् बैल दुसऱ्याच्या दावणीले.

जीवनले इचारलं तर म्हणाला, "याडी, छकड्याचं काही टोचलं असन." याडी म्हणजे माय; मायकडं पाह्यलंबी नाही. बादली घेऊन गोठ्यात गेला, तसा पाखऱ्या दावं ताणत मागं मागं सरकला आन् भिंतीले चिकटून उभा राह्यला. पाणी प्याला नाही. मी उंबऱ्यात उभी. गुडघे धरले तवापासून चारा-पाणी जीवनच पाह्यते. दोन वर्षं मी उंबऱ्यातूनच बैलाची तारीफ करून राह्यली होती.

पाखऱ्याची माय मेली तवा तो पंधरा दिवसांचा. मी त्याले बाटलीनं दूध पाजलं. माह्या दोन्ही कानांवर, केसात गुंफलेली चांदीची एकेक घुगरी आहे. चालताना ते वाजते. वाजली की वासरू कुठूनबी धावत ये. अजूनबी मान वळवते. सारी सकाळ माह्या डोक्यात तेच फिरत होतं. चोरी करायची अक्कल या वयात यावी, आन् तेबी लेकासाठी.

मैदानात सारा तांडा जमला. आमचे मालक, जीवनचा बाप लालसिंग, खाली मान घालून बसले, ते तसेच बसतात. मी जाऊन जीवनच्या मागं दहा हातावर उभी राह्यली. माय आहे, कोण हटकन?

पहिली हाक. पाखऱ्यानं कानबी हालवला नाही. दुसरी हाक मारताना जीवनचा गळा फाटला. पाखऱ्या दोन पावलं मागं गेला. किसनराव उठून उभे राह्यले. तिसरी हाक जीवनच्या तोंडातून निघाली तशी मी मान हालवली. एकदाच.

घुगरी वाजली. पाखऱ्यानं मान वर केली आन् चालत निघाला. सरळ. लोकं हुश्श करून राह्यले होते. वीस पावलं, दहा पावलं. मग जीवनचा उजवा हात कमरेकडं गेला. कमरेले काहीच नव्हतं, सकाळी झडती झालती. हाताले सवय होती, बस.

पाखऱ्या जाग्यावर थांबला. चारी पाय लटलट कापले, आन् उभ्या उभ्या मुतला. एवढा मोठा बैल. मग जीवनले लांब वळसा घालून, मागून, माह्यापाशी आला आन् पदरात तोंड खुपसलं. त्याचा श्वास माह्या पोटाले गरम लागत होता.

तांड्याचा नायक भावसिंग नात्यानं माहा दीर लागते. त्यानं हळूच इचारलं, "भोजाई, बैल कोणाच्या हाकेवर आला?"

माहा शब्द तांड्यात आजवर कोणी खाली पडू दिला नाही. जीवनच्या, एवढंच म्हणायचं होतं. जीवन मागं वळला. त्याच्या डोळ्यात माह्याबद्दल भेव होतं, आन् माह्या डोळ्यात त्याच्याबद्दल. असं मायलेकाचं पाहणं कोणाच्या वाट्याले येऊ नये.

"माह्या घुगरीवर," मी म्हटलं. "हाकेवर नाही. खिळा त्यानंच मारला. एकदा नाही, लय दिवसांपासून."

पाखऱ्या नायकाच्या दावणीले गेला. जीवनचा कासरा तीन वर्षं बंद. वर नायकानं आणखी एक सांगितलं. जीवननं रोज सकाळी त्याच मैदानात रिकाम्या हातानं तीन हाका माराव्या. पाखऱ्या आपणहून येईन त्या दिवशी उरलेली सजा माफ. आन् तेवढा वेळ मानीबाईनं, म्हणजे मी, घराबाहेर पडायचं नाही.

आज अकरावा दिवस. हाक मारायची वेळ झाली की मी दार लावून घेते आन् दोन्ही मुठीत घुगऱ्या गच्च धरून बसते, चुकून वाजू नये म्हणून. जीवन आता ओरडत नाही. पहिली हाक झाली. दुसरी झाली. तिसरी तर इतकी हळू की मले वाटलं त्यानं मारलीच नाही. मी कान देऊन बसली आहे. खुराचा आवाज अजून येत नाही.