धुराचा खड्डा

त्रेपन्न साली कोल्हापुरात रेल्वेनं कोळशाची वाघीण कधी येईल याचा नेम नव्हता. शहराबाहेर सयाजीच्या भागीत चुन्याची भट्टी चालवणाऱ्या त्र्यंबकपंतांनी म्हणून कोळसा वाचवायचं मनावर घेतलं. पंत सायन्स शिकलेले. त्यांनी भट्टीला बाहेरून दुसरी भिंत घातली आणि ऊब निसटू नये म्हणून मधे राख ठासली. चुनखडी एकसारखी फोडून घेतली, कोळसा छपराखाली वाळवला. घरी श्यामलाबाईंनी विचारलं, माझ्या चुलीकडेही कधी बघणार का? बघतो म्हणाले आणि विसरले.

भट्टी पेटली. निम्म्या कोळशात चुना पांढराशुभ्र उतरला, आणि धूर तर जवळजवळ नाहीच. पंतांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मग पेठ वडगावचा आकाराम गवंडी गाड्या घेऊन आला. भट्टीच्या तोंडाकडे बघत त्यानं विचारलं, विझलीया काय? पंतांनी चुन्याचा खडा पाण्यात टाकून दाखवला. पाणी खदखदलं, म्हणजे चुना पक्का भाजलेला.

"उकळतंय ते दिसतंय की," आकाराम म्हणाला. "पर धूर न्हाय. उद्या मी बांधल्याली भिंत पडली तर घराचा मालक तुम्हास्नी न्हाय, मला धरंल."

त्यानं गाड्या पलीकडच्या केरबाच्या भट्टीकडे वळवल्या. तिथं काळाकुट्ट धूर होता. हळूहळू सगळं गिऱ्हाईक तिकडंच गेलं.

सयाजीनं तोड काढली: भट्टीमागं खड्डा खणू, त्यात उसाचं ओलं पाचट न् कोळशाची भुकटी जाळू. पंत संतापले, त्याच्याशी बोलेनासे झाले. पण चुन्याचा ढीग हलेना, तेव्हा एका सकाळी त्यांनी खड्डा खणून घेतला आणि स्वतःच काडी ओढली. आठवड्यात आकाराम परतला. आता कशी भट्टी दिसाय लागली, म्हणाला.

पुढं केरबाचा धूर वाढला की पंत खड्ड्यात भर घालत. पंतांचा वाढला की केरबाचा आणखी वाढे. वाचलेला कोळसा खड्ड्यात गेला, मग त्याच्यावरचाही जाऊ लागला.

दिवाळीच्या सुमारास केरबा स्वतःच आला. बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग खाली बघत म्हणाला, "पंत, धूर जरा कमी करूया की दोघंबी. मला झेपंना झालंय."

"तुमची भट्टीच धुराची. तुम्हाला काय झेपायचंय?"

"भट्टी कुठली? तुमची भिंत बघून मीबी तशीच घातली. कवाच बिनधुराची झालीया. मागं खड्डा हाय माझा."

 पंतांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, धुरानं असेल.

शेवटी सयाजीला धरून तिघांनी मिळून दोन्ही भट्ट्यांच्या मधोमध एकच खड्डा खणला आणि भागीत धूर करू लागले. कोळशाची एवढी बचत त्या भागात आजवर कुणी केली नव्हती.