याह्याचं बोट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना दगडी दिवा आहे. येमेनमधल्या सना शहरातल्या यहुदी वस्तीत, चांदीकाम करणाऱ्या याह्याच्या घरी माझा जन्म गेला. एका पाथरवटाने मऊ दगडातून मला कोरलं आणि वातीसाठी चोच काढली. मी मंद झालो की याह्या एका बोटाने मला कलता करी, तेल वातीकडे धावे आणि मी पुन्हा लखलखे. त्या बोटाला सवयच जडली होती. आलागेला माझ्या उजेडाचं कौतुक करी, पण मला घासायचं मात्र सणालाच सुचे!

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, मला आधीच पेटवून ठेवत आणि मग कोणी शिवत नसे. त्या दिवशी आग पेटवू नये ही तोरा या धर्मग्रंथाची आज्ञा, आणि मला कलता करणं म्हणजे आग वाढवणंच. म्हणून जुन्या गुरूंनी आज्ञेभोवती कुंपण घातलं: त्या संध्याकाळी दिव्यापाशी एकट्याने वाचू नये. एका पोथीत दोघांनी वाचलं तर चालतं. एक विसरला तर दुसरा आठवण करून देतो.

याह्या आणि त्याचा धाकटा भाऊ सालेम असेच वाचत. वडिलांच्या हातची पोथी एकच, म्हणून सालेम लहानपणापासून समोर बसून उलटी अक्षरं वाचायला शिकला होता. वडील गेले आणि पोथी कोणाकडे राहणार यावरून दोघांचं बिनसलं. एकाच अंगणात राहून तीन महिने अबोला! दोघेही आतून कुढत होते.

एका शब्बाथला याह्या एकटाच पोथी उघडून बसला. त्याची बायको बद्रा म्हणाली, "अहो, एकट्याने वाचायचं नसतं."

"तोरात कुठंय तसं? आग पेटवू नका, एवढंच आहे. बाकीचं गुरूंनी वाढवलेलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे विसरायला?"

वाचता वाचता तो रंगून गेला. माझी ज्योत बारीक झाली आणि ते बोट निघालं. माझा जीव खालीवर झाला, पण मला ओरडायला तोंड कुठे होतं?

"दादा, हात!"

खिडकीत सालेम उभा होता. बोट माझ्यापासून तांदूळभर अंतरावर थांबलं. याह्या पांढराफटक पडला. मग त्याला हसू फुटलं.

"तू रोज खिडकीतून बघतोस की काय?"

"शब्बाथलाच बघतो. तुझं बोट मला ठाऊक आहे."

याह्याने पोथी मधोमध सरकवली. "ये, बस. तुझी बाजू मोकळीच आहे."

मी विझेपर्यंत दोघे वाचत राहिले. मी विझल्यावर अंधारात पाठ होतं तेवढं म्हणू लागले आणि बद्रा त्यांच्या चुका काढू लागली. माझ्या साऱ्या आयुष्यात मी इतक्या आनंदाने कधी विझलो नव्हतो.

मित्रांनो, मला अधूनमधून घासा, पण कुंपण दिसलं म्हणून चिडू नका. ते घालणाऱ्यांनी माणसाचा हात ओळखला होता. आणि वाचायला बसाल तेव्हा समोर कोणाला तरी बसवा, अक्षरं त्याला उलटी दिसली तरी चालतील.