पाठीवरची पिवळी पट्टी

लिफ्टवाल्यानं हेल्मेट काढलं आणि चहाच्या टपरीवरचं बोलणं एकदम बंद पडलं.

मोटरसायकली रस्त्याच्या कडेला ओळीनं उभ्या होत्या. नुकतं फटफटत होतं. ज्यांच्या लांबलांबच्या सफरी त्यानं कित्येक वर्षं फोनवर वाचल्या, ज्यांच्या फोटोंखाली नुसतं ‘वा’ लिहून गप्प बसला, ती माणसं आज पहिल्यांदाच समोर होती. आपली ओळख करून द्यावी म्हणून त्यानं तोंड उघडलं. पण त्याच्या तोंडाकडे कोणी बघतच नव्हतं. सगळे त्याच्या जॅकेटकडे बघत होते.

“जरा वळता का?” ग्रुपचे म्होरके म्हणाले. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

तो वळला. जॅकेटच्या पाठीवर अंधारात चमकणारी एक रुंद पिवळी पट्टी होती. कंपनीची नव्हे, हातानं शिवलेली.

“कुठून घेतलंत?”

“ग्रुपवरच जाहिरात होती. एक बाई होत्या. फोनवर बोलणं झालं, पार्सलनं आलं. जुनं म्हणाल्या, पण बघा ना, एक ओरखडा नाही.”

मास्तरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “हे भिंगरीचं. आमच्यातलाच. एका जागी टिकायचा नाही म्हणून भिंगरी. गेल्या उन्हाळ्यात गेला, पुढच्या घाटात. त्या बाई म्हणजे त्याची बहीण. तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं.”

“नाही.”

“तुमचा काय दोष. चहा घ्या.”

त्यानं चहा घेतला. पन्नाशीला टेकलेला हा माणूस आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत, त्यांच्या अंधाऱ्या बोळांत तेलकट दोरांशी झटत आला होता. दिवसभर वरखाली करायचं आणि संध्याकाळी होतो तिथंच असायचं. बायको गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यानं जुनी मोटरसायकल घेतली. मग हातमोजे, बूट, शेवटी हे जॅकेट. हौसेला मोल नाही म्हणतात, पण त्याला ती हौस नव्हती. एकदा तरी सरळ पुढं जावं, एवढंच होतं.

जॅकेट आल्यापासून त्याला जरा चमत्कारिक वाटत होतंच. कोपरांत दुसऱ्याच कुणाच्या हातांचा बाक बसला होता. खुंटीला अडकवलं की दोन्ही बाह्या थोड्या पुढं यायच्या, हँडल धरल्यासारख्या. पहिल्या रात्री त्यानं ते कपाटात ठेवलं होतं. मग स्वतःलाच हसून पुन्हा बाहेर काढलं.

मोटरसायकली निघाल्या. मास्तरांनी त्याला मधे घेतलं होतं, पण त्याच्या मागचा प्रत्येक जण थोड्या वेळानं बाजूनं पुढं निघून जाई. ती पाठ डोळ्यांसमोर ठेवून गाडी चालवणं कुणालाच जमेना. घाट लागेपर्यंत तो सगळ्यांत शेवटी पडला. एका वळणावर समोरून ट्रक आला; वरच्या रस्त्यावरून त्याची पाठ आधीच दिसली असावी. ट्रकवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, खिडकीतून हात काढून हलवला आणि तो ओळखीचं हसला. लिफ्टवाल्याचा हात आपोआप वर गेला. ट्रक निघून गेल्यावर तो हात त्याला दुसऱ्याच्या खिशात घातल्यासारखा वाटला.

पुढं मास्तर कडेला थांबले होते. तिथला कठडा नवा, बाकीच्यांपेक्षा पांढरा होता. लिफ्टवाल्यानं उकाड्याचं निमित्त करून जॅकेट काढलं आणि घडी करून मागं बांधलं. परत येताना तो ते न घालताच आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या बाईंना फोन केला.

“तुमच्या भावाचं होतं, मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “परत आणून देतो. पैसे राहू देत.”

“आई दर रविवारी ते बाहेर काढायची हो,” बहीण म्हणाली. “झटकायची, उन्हात घालायची, मग दाराशी अडकवून ठेवायची. आता येईल, निघेल, असं. मला बघवेना. तिला न सांगता विकलं. तुम्ही परत आणू नका.”

“माझ्याच्यानं घालवत नाही, ताई.”

शेवटी ती या म्हणाली. आई दुपारी झोपते, तेव्हा या.

तो गेला. जिन्याखाली गाडी लावून, जॅकेट हातावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढला. बहीण दार अडवूनच उभी होती. “माझ्याकडे द्या, मी शेजारी ठेवते,” ती कुजबुजली. तेवढ्यात आतून आवाज आला.

“कोण आलंय गं? गाडी वाजली खाली.”

“कुणी नाही आई, लिफ्टवाले आहेत.”

“आपल्याकडे लिफ्ट कुठाय?”

म्हातारी बाहेर आली. ठेंगणी, काटक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तिनं लेकीकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. तिला सगळं कळलं असावं. ती रागावली नाही. पुढं होऊन तिनं पट्टीवरून बोट फिरवलं.

“कडेची शिवण उसवलीय,” ती म्हणाली. “आत या. उभ्या उभ्या काय बोलायचं.”

जन्मभर तिनं शाळेचे गणवेश शिवले होते. खिडकीशी मशीन होतं, पण मशीनला न लावता ती सुईदोरा घेऊन बसली. कापड जाड होतं. प्रत्येक टाक्याला सुई तिच्या अंगठ्याला रुतत होती. लेक म्हणाली, “आई, दे इकडे.” तिनं मान हलवली.

“ही पट्टी नको म्हणायचा,” म्हातारी मान वर न करता म्हणाली. “मित्र हसतात म्हणे, रस्त्याची कामं करणाऱ्यासारखं दिसतं. मी म्हटलं, हसू देत. मागून येणाऱ्याला दिसलं पाहिजे.”

“दिसते,” लिफ्टवाला म्हणाला. “लांबून दिसते.”

“घाला बघू.”

त्यानं लेकीकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्यानं जॅकेट घातलं. म्हातारीनं खांदे ओढून पाहिले, बाही सरळ केली, आणि हात तसाच बाहीवर ठेवून म्हणाली,

“ह्याला ओरखडा का नाही, तुम्हाला वाटलं असेल.”

त्यानं बाहीकडे पाहिलं.

“त्या दिवशी हे घरातच होतं. मी हातात दिलं. म्हणाला, आई, फार उकडतंय, जवळच तर जायचंय. जवळ कसलं. मग मीही म्हटलं, बरं, राहू दे.”

“आई, नको ना,” लेक म्हणाली.

“मी कुठं काय करतेय. सांगतेय त्यांना.” तिनं दोरा दातानं तोडला. “आता हे परत करायचं नाही. घरात जपून ठेवलं, त्याचा काय उपयोग झाला?”

त्यानं हात जोडले. निघताना ती दारापर्यंत आली. “तुमच्या घरी कोण असतं?”

“कोणी नाही.”

“मग पोचलात की इथं फोन करा. वळणावर हळू जा.”

तो जिना उतरला, गाडी सुरू केली. वर बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटत राहिलं. वाटेत पेट्रोल भरलं, उगाचच शहराबाहेर एक लांब फेरी मारली. घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. दिवा न लावताच त्यानं फोन केला. फोन म्हातारीनंच उचलला.

“पोचलो,” तो म्हणाला.

“बरं झालं,” ती म्हणाली. आवाज झोपेतून उठल्यासारखा होता. मग जरा थांबून, रोजचंच काही सांगावं तशी म्हणाली, “किती उशीर रे. हातपाय धू आणि जेवून घे. ताट झाकून ठेवलंय.”

दुपारभर ती त्याला अहो-जाहो करत होती. काहीतरी बोलायला हवं, असं त्याला वाटलं. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. ती थांबली होती.

“हो, आई,” तो म्हणाला.

फोन बंद झाला. तो अंधारातच मोरीत गेला, जॅकेटच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात धुतले, मग पाय.