माएस्त्रोचं नाक

एलादिओने ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली, पांढऱ्या कागदावर टेकवली आणि थेंब नीट पसरायच्या आतच तो कागद न्या ओब्दूलियाच्या, म्हणजे ओब्दूलियाबाईंच्या, तोंडासमोर धरला.

"रंग सांगा."

न्या ओब्दूलियाने ॲप्रनचं टोक नाकाला लावलं. "लाल. काळपट लाल. आणि भट्टीत विसरलेल्या चिपाच्या पावासारखा वास मारतोय."

"मी महिन्यापूर्वी भरलं ते हिरवं होतं."

"मग पिकलं असेल."

एलादिओने दोन्ही हात गाडीवर टेकले आणि मान खाली घातली. सकाळपासूनची ही तिसरी गाडी होती आणि आज प्रत्येक मालकाला विनोद सुचत होते.

"न्या ओब्दूलिया, तुमच्या ह्या ऑटोमॅटिक बॉक्समध्ये गिअर नाहीत. दोन पुल्या आहेत आणि त्यांच्यावर एक पोलादी पट्टा. त्याला हिरवंच ऑइल लागतं. लाल घातलं की पट्टा घसरतो, घसरला की तापतो, आणि तापला की स्वतःलाच खातो. हे मी तुम्हाला कागदावर लिहून दिलं होतं."

"तो कागद फ्रिजवर आहे. सान ब्लासच्या मूर्तीशेजारी."

"मग ह्यात लाल कुणी ओतलं? पंपावरच्या पोरानं? दिरानं?"

"दीर जाऊन अकरा वर्षं झाली. जिवंतपणी त्यानं कधी कशाला हात लावला नाही, आता काय लावतोय."

एलादिओच्या मते पाराग्वायमधले अर्धे गिअरबॉक्स झिजून मरत नव्हते, शहाण्या नातेवाइकांच्या हातून मरत होते. जपानहून जुन्या गाड्या यायच्या, चिलेच्या बंदरात कुणीतरी उजवीकडचं स्टिअरिंग कापून डावीकडे बसवायचं, आणि मग इथल्या फेर्नांदो दे ला मोरा गावाच्या गल्लीगल्लीत ज्याला पान्हा धरता येतो तो त्यात हात घालायचा. फेब्रुवारीत विल्फ्रिदो टॅक्सीवाला असाच लाल ऑइल भरलेली गाडी घेऊन आला होता. आईची शपथ घेऊन सांगत होता की मी काही घातलं नाही. एलादिओने त्याला आईसकट फाटक दाखवलं होतं.

"माझ्या गाडीचं बॉनेट तुझ्या गॅरेजशिवाय कुठंही उघडलेलं नाही," न्या ओब्दूलिया म्हणाली.

"सगळे हेच म्हणतात."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी कुठं तसं म्हटलं? गाडी म्हणते."

हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलता बोलताच कळलं. न्या ओब्दूलिया चोवीस वर्षं इस्पितळाच्या फाटकाशी चिपा विकत होती. पहाटे साडेचारला गरम पावांच्या तीन टोपल्या ह्या गाडीत घालून निघायची. रविवारपासून पवित्र आठवडा सुरू होत होता, आणि वर्षभरात खपत नाही एवढा चिपा त्या एका आठवड्यात खपतो. गाडी मात्र सिग्नलला थांबली की थंडी भरलेल्या माणसासारखी थरथरत होती. बॉक्स उघडावा लागला असता तर सुटे भाग यायलाच तीन आठवडे गेले असते.

तिने ॲप्रन सोडला, घडी करून पिशवीत टाकला.

"लागलं तर घालायला म्हणून तू दिलेली हिरव्या ऑइलची बाटली घरी आहे. सीलबंद. ती आणते, मग तुझ्या गाडीशी काय बोलायचं ते बोलू," ती म्हणाली, आणि भर उन्हात बस पकडायला निघून गेली.

मागे खलबत्त्याचा आवाज चालूच होता. एलादिओचे वडील सेफेरीनो कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून तेरेरेच्या थंडगार पेयासाठी पाला कुटत होते. वय एकोणऐंशी. पान्हा सोडून सहा वर्षं झाली होती, पण सगळे त्यांना अजून माएस्त्रोच म्हणत. एके काळी लोक सान लोरेन्सोहून नुसतं ऑइल लागलेलं फडकं घेऊन यायचे. माएस्त्रो ते हुंगायचे आणि बॉक्स किती दिवस चालेल ते सांगायचे. दिवस चुकला तर एखाद-दुसराच. धंदा एलादिओला त्यांनीच शिकवला होता आणि गॅरेजच्या पाटीवर अजूनही त्यांचंच नाव होतं.

त्यांनी शिंगाच्या पेल्यात, ग्वाम्पात, बर्फाचं पाणी ओतलं आणि तो एलादिओपुढे केला. एलादिओने नळी तोंडात धरली, एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला. गेले काही महिने हेच चाललं होतं. पूर्वी पुदिन्याची चार पानं आणि लिंबाच्या वासाच्या सेद्रोनची एक काडी पुरायची, आता मुठीच्या मुठी पडत होत्या. कोपऱ्यावरची पालेवाली परवा विचारत होती, घरात कुणी आजारी आहे का म्हणून.

"पापा, हे तेरेरे आहे की काढा?"

"मिळमिळीत झालंय उलट. हल्लीच्या पाल्यात दमच नाही."

"ग्रासियास," एलादिओ म्हणाला आणि ग्वाम्पा परत दिला. आभाराचा हा शब्द उच्चारला की तुमची फेरी संपली, पुढचा ग्वाम्पा तुमच्याकडे येत नाही. सेफेरीनोंनी क्षणभर ग्वाम्पाकडे पाहिलं, मग उरलेलं स्वतःच प्यायले.

"त्या बाईच्या गाडीला काय झालं?"

एलादिओने सवयीने तो कागद त्यांच्या हातात दिला आणि पान्हा घ्यायला वाकला. सेफेरीनोंनी कागद दोन बोटांत धरून नाकाखाली नेला, डोळे मिटले, मग एक डोळा किंचित उघडून मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"ताजं आहे," ते म्हणाले. "ह्यात काही बिघडलेलं नाही."

एलादिओ वाकलेला तसाच राहिला. त्या थेंबाच्या वासाने ओब्दूलियाने नाक धरलं होतं. त्याच्या स्वतःच्या घशात तो अजून चिकटून होता. त्याने वडिलांकडे पाहिलं, काठोकाठ पाला भरलेल्या खलाकडे पाहिलं, आणि पान्हा न घेताच तो मागच्या फळीकडे गेला.

लाल ऑइलचा एकच डबा गॅरेजमध्ये ठेवलेला असायचा, वडिलांच्या जुन्या पिकअपसाठी. ती पिकअप नाताळपासून जागची हलली नव्हती. डबा मात्र निम्म्याच्या खाली गेला होता.

"पापा, हे लाल कुठं गेलं?"

"कुठं म्हणजे? गाड्यांत."

"कुठल्या?"

"त्या बाईच्याच गाडीत घातलं की. हॉर्न बंद पडला म्हणून आली होती, तू जेवायला गेला होतास. पट्टी काढून बघतो तर ऑइल बोटभर खाली. तुम्ही हल्लीची पोरं लेव्हल बघतच नाही. मी नसतो तर बिचारी रस्त्यात अडकली असती."

"गाडी गरम केली होती?"

"ते कशाला?"

एलादिओने डोळे मिटले. ह्या बॉक्सचं ऑइल गाडी गरम असतानाच मोजायचं असतं. थंड गाडीत ते खालीच दिसणार.

"तिच्यात हिरवं होतं, पापा."

"रंगाचं मला सांगू नकोस. रंग कुणीही घालतं, ती सगळी बाटलीवाल्यांची नाटकं. मी वास घेतो. चाळीस वर्षं वासच घेतला."

"मग वास कसा होता?"

सेफेरीनोंनी बत्ता उचलला आणि फडक्याने पुसला. तो स्वच्छच होता.

"बरोबर होता," ते म्हणाले.

"आणि विल्फ्रिदोच्या टॅक्सीत?"

"तिच्यातही कमी होतं."

एलादिओ गॅरेजच्या बाहेर जाऊन फाटकाशी उन्हात उभा राहिला. ओरडावं असं त्याला फार वाटत होतं. कधीपासून, एवढंच विचारायचं होतं. कधीपासून वास येत नाही, आणि तोंड उघडून सांगितलं का नाही? दोन महिने तो चोर सोडून संन्याशाला फाशी देत होता. विल्फ्रिदोची म्हातारी आई तर गॅरेजच्याच गल्लीत राहत होती, रोज जाताना हात करायची, आणि तो मान वळवायचा. राग एवढा आला होता की फाटकाला लाथ मारावी, पण फाटकही वडिलांनीच बसवलेलं. शेवटी काय, आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो आत आला, गाडी जॅकवर चढवली आणि खाली शिरला.

तासाभराने न्या ओब्दूलिया घामाने निथळत परत आली आणि तिने बाटली टेबलावर आपटली.

"घे. सील बघ, तारीख बघ, आणि विचार तुझ्या गाडीला, मी खोटी का ती."

एलादिओ गाडीखालून बाहेर आला. मागे सेफेरीनो थर्मास हातात घेऊन उभे होते.

"चूक माझी आहे, न्या ओब्दूलिया. हॉर्नच्या दिवशी मीच ऑइल वाढवलं. हातात चुकीचा डबा आला. आता तीनदा धुऊन काढतो, त्याचा खर्च माझा. आणि सकाळी बोललो त्याची माफी मागतो."

"हॉर्नच्या दिवशी?" ती म्हणाली. "हॉर्नच्या दिवशी तर..."

ती थांबली. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या थर्मासकडे पाहिलं, मग फळीवरच्या लाल डब्याकडे.

"हॉर्नच्या दिवशी तर तू घाईतच होतास," तिने वाक्य पुरं केलं. "म्हटलंच मी तेव्हा, ह्याचं लक्ष नाही. आणि सकाळी माझ्यापुढे नाकाने कांदे सोलत होतास."

"हो."

"आणि माझ्या मेलेल्या दिराला मध्ये आणलंस."

"हो."

आता सेफेरीनो पुढे आले. "चुकीचा डबा? तुला डब्यावरचं वाचता येत नाही? पन्नाशीला आलास. मी काय शिकवलं होतं? ओतायच्या आधी थांब, बघ, हुंग. ज्याचा धंदा दुसऱ्याच्या पोटावर पाय देतो त्यानं पान्हा खाली ठेवावा. ह्या बाईचा आठवडा बुडाला असता म्हणजे? तुझ्या घमेंडीपायी?"

ते बराच वेळ बोलत होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बरोबर बोलत होते. एलादिओ हातात पान्हा घेऊन गिऱ्हाइकासमोर दुसऱ्याच्या चुकीसाठी बोलणी खात उभा राहिला.

"असू दे, माएस्त्रो," न्या ओब्दूलियाच मध्ये पडली. "पोराला एवढं बोलू नका. द्या, मला पण द्या एक ग्वाम्पा."

तिने घोट घेतला. तिचे डोळे मोठे झाले, पण तळाचा आवाज येईपर्यंत ती प्यायली.

"छान झालंय," ती म्हणाली. "आणखी द्या."

नट सोडल्यावर पहिलं ऑइल आलं ते काकवीसारखं काळं. एलादिओने आतलं चुंबक काढून बोटाने चाचपलं. पिठासारखी बारीक धूळ होती, तुकडे नव्हते. त्याने श्वास सोडला. नवीन ऑइल भरलं, गाडी सुरू केली, ब्रेक दाबून धरून लिव्हर पुढे-मागे फिरवला, पुन्हा सगळं काढलं. दुसरं ऑइल गढूळ लालसर आलं. तोपर्यंत दुपार कलली होती. न्या ओब्दूलिया खोक्यावर बसून कणकेला लागणाऱ्या चीजचे भाव माएस्त्रोंना ऐकवत होती, आणि ते मान हलवत होते. मध्येच एलादिओ उठला आणि फोनवर विल्फ्रिदोचा नंबर शोधू लागला. तो त्याने पुसून टाकला होता. आता त्याच्या आईच्या दारातच जावं लागणार होतं.

तिसऱ्यांदा भरल्यावर त्याने गाडी वीस मिनिटं चालू ठेवली. थरथर थांबली होती. इंजिन चालू असतानाच पट्टी काढली, पांढऱ्या कागदावर टेकवली, आणि तीस वर्षांच्या सवयीने, मागे न बघताच, कागद खांद्यावरून मागे धरला.

मग त्याच्या लक्षात आलं आणि हात तसाच अवघडून राहिला.

कागद त्याच्या बोटांतून हळूच काढून घेतला गेला. तो वळला. सेफेरीनोंनी कागद नाकापर्यंत नेला होता आणि तिथेच थांबवला होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते हिरवट थेंबाकडे बघत होते. मग त्यांनी कागद आपल्या नाकाखालून काढला आणि हात लांब करून एलादिओच्या नाकाखाली धरला.

"तू सांग."

एलादिओने श्वास ओढून घेतला. नव्या ऑइलच्या तळाशी अजून तो जुना वास होता, अगदी थोडा.

"जरासं जळकट आहे," तो म्हणाला. "पण पट्टा वाचेल."

सेफेरीनोंनी कागदाची नीट घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"मलाही तसंच वाटलं," ते म्हणाले.

त्यांनी ग्वाम्पा भरून पुढे केला. एलादिओने तो कडू पाला शेवटच्या थेंबापर्यंत ओढला आणि ग्वाम्पा परत दिला. ग्रासियास म्हणाला नाही.